आगवाल्याची मोजणी

अंजनवेलच्या पोस्टात, दुपारच्या सुस्तीत,
मी बदरुद्दीन हुर्जुकांचा पेन्शनचा अर्ज भरतो आहे.
जहाजावरचं काम? आगवाला.
जहाज कुठे बुडालं? पाणी होतं तिथं, म्हणतात.
त्यानंतरची साडेचार वर्षं?
चाचा खिडकीबाहेर बघतात.

बाहेर फणसावर कोतवालाचं घरटं आहे.
घार खाडीवरून नुसती वळली तरी
हा मूठभर काळा जीव तारेवरून सुटतो,
तिच्या पाठीवर चढतो, पिसं उपटतो,
पार टाळकेश्वराच्या दिव्यापर्यंत पोचवून येतो.
"अशीच," चाचा म्हणतात, "अशीच ती पोरं."

ब्रेमेनच्या अलीकडे, काटेरी तारेत,
दाभोळचे, वेलदूरचे, पडव्याचे खलाशी.
बीटाच्या शेतावर कामाला.
चिखल आपल्यासारखाच, फक्त त्याला वास नाही.
पलीकडे सुरूबनासारखं काळं रान,
रानामागे विमानतळ.
भर दुपारी यायची मोठी विमानं,
इतकी उंच, की मांदेलीएवढी दिसायची,
प्रत्येकाच्या मागे पांढरी दोरी,
आभाळात कुणी रापण ओढतंय जणू.
आधी जमीन थरथरायची, मग आवाज,
मग रानामागून ही पोरं उठायची.

"मी मोजायचो. खोड आमची.
आई बंदरावर उभी राहून मचवे मोजायची,
गेले किती, आले किती,
एक कमी भरला की पुन्हा पहिल्यापासून.
तशी अकरा गेली. सहा आली.
दुसऱ्या दिवशी नऊ. आली चार.
वरची विमानं आपल्या बाजूची, म्हणजे खूश व्हायचं.
झालोही. चोरून.
पण आकडा घशात राहायचा, काट्यासारखा.
पहाऱ्यावरचा म्हातारा शिपाईही मोजायचा,
लोकरी हातमोज्यातल्या बोटांवर.
भाषा जुळत नव्हती.
आकडे जुळायचे."

मार्चात एकजण बीटाच्या शेतातच उतरला.
छत्री अर्धी जळकी, एका पायात बूट.
वय? मिसरूडसुद्धा धड नाही.
त्यानं धुराकडे बोट केलं.
हाउस, म्हणाला. हाउस.
एवढं चाचांना कळलं,
बंदराबंदरांत ऐकलेला शब्द.
डब्यातलं पाणी दिलं.
पोर घटाघटा प्यालं, आणि हातानं दाखवलं,
परत. वर. दुसऱ्या विमानातून.

मी विचारतो, वाईट वाटलं?

चाचा शाईच्या दौतीचं झाकण लावतात, काढतात.
"त्याच शेताला लागून रूळ होते.
पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांतली माणसं
न फुटलेले बॉम्ब उकरायची. हातांनी.
हाडांवर कापड वाळत घातल्यागत माणसं.
सकाळी चाळीस.
संध्याकाळी मोजायला लागलो
तर म्हाताऱ्या शिपायानं मान फिरवली.
त्यांच्यासाठी रानामागून कधी कुणी उठलं नाही.
ते पोर घर म्हणालं ना,
त्या घराच्या मागल्या पडवीत ही माणसं होती.
त्याला ठाऊक होतं का, विचारायचं राहिलं.
माझ्याजवळ तेवढे शब्द नव्हते.
एक हाउस होता."

घार पुन्हा वळली आहे.
तारेवर कोतवाल नाही.
चाचा उठून दारात जातात,
कपाळावर हात धरून वर बघतात, बराच वेळ,
ओठ हलतात.

साडेचार वर्षं, कामाचं स्वरूप:
मी रकान्यात लिहितो, मोजणी.
मग खोडतो.
मुंबईचे साहेब विचारतील, कशाची,
आणि अजून तिकीट चिकटवायचं आहे,
अंगठा नको, सही करतो, म्हणालेत ते.