पाचपैकी अडीच

गुरुवारी सकाळी दहाला
वेकफील्डमधल्या गोदामावरच्या खोलीत
चौदा बाटल्या कागदी पिशव्यांत तोंड लपवून उभ्या,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारख्या.
थुंकायला स्टीलची बादली.
मध्ये मध्ये जीभ पुसायला बिनमिठाची बिस्किटं.
खाली फोर्कलिफ्ट मागे सरताना
एकसारखी कोकलते.

प्रत्येकीला पस्तीस शब्द.
त्याहून जास्त पत्रकात मावत नाहीत,
शेजारी सॉसेजची जाहिरात असते.

उंची वाइनवर कुणीही लिहील.
वाईटावरही. वाईटाला निदान शिव्या सुचतात.
माझ्या वाट्याला मधल्या :
साडेपाच पौंडांच्या, फिरकीच्या बुचाच्या,
ज्यांनी कुणाचं काही बिघडवलं नाही
आणि ज्या कुणाच्या ध्यानातही राहिल्या नाहीत.

पहिली पांढरी. लिहिते,
'हलकी, ताजी, बागेतल्या दुपारीसाठी.'
जीभ आतल्या आत खरं बोलते : मचूळ.
दुसरी पांचट.
तिसरी म्हणजे शेवटच्या पंगतीला
पाणी घालून पुरवलेला मठ्ठा.
चौथी लाल, तुरट,
जांभळाची बी चुकून चावावी तशी.
ही त्यातल्या त्यात बरी,
काहीतरी म्हणते तरी.

यातला एकही शब्द त्या पत्रकात चालत नाही.

मी तासगावची.
आमच्याकडे द्राक्ष म्हणजे बेदाणा, गंधकाच्या धुरीतून आलेला.
आई चार दाणे तोंडात टाकून सांगायची
शेडमधल्या कितव्या जाळीवरचा माल.
दारूचा थेंब न चाखलेल्या बाईची जीभ
माझ्याकडे आली
आणि इथे ही अशी कामाला लागली.

व्हिस्की : धूर आहे, आग नाही.
जिन : नुकतीच फरशी पुसलेली खोली.
रम : गुळाच्या ढेपेखालचं गोणपाट.
(हिला मी साडेतीन दिले. का ते विचारू नका.)

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला क्लिफर्ड ओल्ड्रॉइड.
एकोणतीस वर्षं हेच काम, आणि
अकरा महिने एक थेंबही नाही.
'बादलीत थुंकायचो तेव्हाही
थोडं आत जायचंच,' एकदा म्हणाला,
'आणि हे थोडं रोज चौदा वेळा.'
आता त्याच्याकडे फक्त शून्य टक्के वाल्या.
माझ्या बाटल्यांकडे पाठ करून बसतो.
वास मात्र पाठीला वळसा घालून जातो,
ते दोघांनाही कळतं.

शून्य टक्के जिन त्यानं बराच वेळ तोंडात धरली.
'काकडी.'
मग थांबून, 'काकडीची आठवण.'
मी चाखली. मला वाळ्याचं पाणी,
तेही वाळा संपत आलेला,
माठ नवा.
दोघांनी मिळून अडीच ठरवले.

पाचला कोट घालताना म्हणाला,
'उरलेली मी नेऊ?
शनिवारी हॅलिफॅक्सला मुलीचं लग्न आहे.'
बटण लागेना त्याचं.
'मला भाषणाला सांगितलेलं नाही.
पण ग्लास सगळेच उचलणार ना.
हात रिकामा नको.'

मी बूच घट्ट फिरवलं.
मागच्या महिन्याच्या पत्रकात बाटली गुंडाळली,
सॉसेजची बाजू आत केली,
आणि कपाटातली एक न उघडलेलीही
तिच्याशेजारी सरकवली.
नोंदवहीत लिहिलं, 'एक फुटली.'

खोलीत एकटी उरल्यावर
पस्तीसातले सात शब्द शिल्लक होते.
लिहिलं :
'थंड करून, उंच ग्लासात. हातात छान बसते.'
गुण वाढवले नाहीत.
अडीच म्हणजे अडीच.

सोमवारी संपादिकेनं नेमकं तेवढंच खोडलं,
चवीबद्दल काही सांगत नाही म्हणून.
ती जागा सॉसेजला गेली.
क्लिफर्ड नऊलाच येऊन बसला होता,
पाठ करून,
बाटल्यांना पिशव्या चढवत.