घरघर

सेलूत लिंबाजीनं व्हिडिओ टाकला,
ज्वारी दळतानाचा, चाळीस सेकंदांचा.
सकाळी नोटीस : हा आवाज आमच्या मालकीचा.

"गिरणी माझी, पट्टा माझा,
मग घरघर कंपनीची कशी काय?"

"अपील कर," मुस्तकीम म्हणला.
केलं. दोन सेकंदांत उत्तर :
आम्ही काळजीपूर्वक तपासलं आहे.
दोन सेकंदांत तर लका
सोजरबाईची पायली बी मोजून होत नाही!

सगळ्यात जास्त चिडला मुस्तकीमच.
दहावीच्या गाईडाचे झेरॉक्स विकतो तो.
कुणीतरी त्याच्याकडं बघितलं तसं
गठ्ठ्यावर पेपर सारला त्यानं.

तेवढ्यात लाईट गेली.
पट्टा फडफडत थांबला.
लिंबाजी अंधारात म्हणला,
"आता हे गप बसणं कुणाच्या नावावर हाय,
बघा रं जरा."

"ते ऱ्हाऊ दे," सोजरबाई म्हणली,
"माझं पीठ अर्धंच झालंय."