घेवड्याचे दाणे

शाळेची दोन बाकं जोडून तिनं नकाशा पसरला.
आमचं बेट त्यावर वाळत टाकलेल्या लोकरी मोज्यासारखं,
टाचेशी चर्च, अंगठ्याशी धक्का.
इग्नासियानं प्रत्येकाला घेवड्याचे दहा दाणे मोजून दिले,
म्हणाली, जिथे मन रमतं तिथे ठेवा.
चूक-बरोबर काही नाही.

चूक-बरोबर काही नाही म्हटलं की
आमची माणसं फार घाबरतात.

सभेची वही माझ्याकडे होती.
हजर: एकतीस. कुत्री: चार, तीही बसून.
विषय: निसर्गापासून मिळणारे, पैशात न मोजता येणारे लाभ.
हे मी दोनदा खोडून लिहिलं.

ओर्तेन्सियानं पहिला दाणा टेकडीवर ठेवला,
जिथून नवऱ्याची होडी दिसायची.
दिसायची, असं म्हणाली
आणि दाणा जरासा डावीकडे सरकवला.
एदुविनाला तिच्या बटाट्यांसाठी जागा हवी होती,
त्या जांभळ्या, आत पांढरं कडं असलेल्या,
जे आता तिच्याच वाफ्यात उरलेत.
"हे सौंदर्यात धरायचं की पोटात?"
इग्नासियानं यादी पाहिली. "दोन्हीत चालेल."
"मग दोन दाणे," असं म्हणून
एदुविनानं शेजारणीचा एक उचलला.

निळ्यावर मात्र कोणी ठेवेना.
खाडीत सॅमनचे पिंजरे यायचेत, सगळ्यांना ठाऊक.
"पाण्यावर ठेवता येतं का?" कोणीतरी हळूच विचारलं,
जणू दाणा बुडेल.

तेव्हा रोसामेल ग्वेंतेओ उठला,
टोपी काढून, मुठीत दाणे तसेच.
"माझं घर," म्हणाला, "आधी पलीकडच्या बेटावर होतं.
बापानं त्याला पिंपं बांधली, भरतीला पाण्यात ढकललं,
होड्यांनी ओढत आणलं,
इथे वीस बैलांनी चढणीवर चढवलं.
आई आतच होती. तिनं चूल विझू दिली नाही.
भर खाडीत आमच्या धुराड्यातून धूर निघत होता.
मी सहा वर्षांचा, खिडकीत,
आणि खिडकीतला डोंगर चालत होता.
आता सांग पोरी,
दाणा तिकडे ठेवू, जिथे नुसते खुंट राहिलेत,
की इकडे, जिथे घर आहे,
की मध्ये?"

इग्नासियाच्या बाजूनं एवढं नोंदवतो:
उत्तर असल्याचं सोंग तिनं केलं नाही.

मग सभा हाताबाहेर गेली.
वीस नव्हे, चौदा बैल. चौदा कसे,
आमचे दोन धरले नाहीस!
दोर कोणाचा, तो तुटला कुठे,
कोणाचा आजा चिखलात तोंडावर पडला,
रात्री मटण कोणी रांधलं, कोण नाचताना रडलं.
मजुरी कोणीच घेतली नव्हती.
त्यासाठी फॉर्मात रकाना नव्हता.

गलका चालू असताना रोसामेल वाकला.
खुंटांपासून निघून त्यानं एकेक दाणा
निळ्यावर मांडत आणला, घराच्या दिशेनं.
दहावा ठेवला तेव्हा
अर्धी खाडी उरली होती.

ओर्तेन्सियानं टेकडीवरचा उचलला.
मग एदुविनानं तिचे, शेजारणीचा धरून.
मुलांनी शिंपल्यांची वाळू रिकामी केली.
घंटा वाजवणाऱ्या पेत्रोनिलानं तेवढा
चर्चवरचा एक दाणा हलवू दिला नाही.
दाणे किनाऱ्याला लागले, तरी लोक ठेवतच राहिले,
रेघ दोरासारखी जाड होत गेली,
जिथे पिंजरे यायचेत, नेमकी तिथून.

इग्नासियानं खुर्चीवर चढून फोटो काढला.
ओहोटी लागली होती, होडीवाला शिट्या मारत होता,
आणि दाणे पुढच्या बेटासाठी परत हवे होते.

दिले: तीनशे दहा. आले: तीनशे नऊ.
हे वहीत लिहिलं.
उरलेला कोणाकडे आहे, ते लिहिलं नाही.