वर्षाला अर्धा मिलिमीटर

कंधारच्या किल्ल्यात, खंदकाकडच्या भिंतीवर
छातीच्या उंचीला एक दगडफूल आहे.
मसाल्यात घालतात ते नव्हे. ते सुटतं, तव्यावर परततात.
हे दगडाला असं चिकटलेलं की सुरीनं निघत नाही,
कुणी हळदीचं पाणी सांडलं आणि पुसायचं विसरलं, तसं.

त्याच्यावर पारदर्शक कागद ठेवून
काझी मॅडमनी पहिला घेर काढला तेव्हा मी तिसरीत होते.
कोपऱ्यात तारीख. त्यांचा नऊ एकासारखा दिसतो,
म्हणून १९९७ चं १११७ झालंय.
मॅडम म्हणायच्या, असू दे, किल्ल्याला शोभतंय.

दर संक्रांतीनंतर मी तोच कागद घेऊन जाते.
नांदेडहून एसटी, लोह्यात चहा,
पिशवीत भिंग, पट्टी, दोन पेन्सिली.
घेरात घेर, घेरात घेर.
पाच वर्षांत अडीच मिलिमीटर.
प्रगती अहवाल बघून खिडकीतल्या मोगरेकरांनी मान वर केली,
"सेंटिमीटर म्हणायचंय का, ताई?"

फेलोशिप आठ महिने थकली.
तासिकेचे पैसे दिवाळीला मिळतील म्हणाले,
कुठल्या दिवाळीला ते विचारायचं राहिलं.
विभागात मंजूर पदं सात, माणसं दोन.
मार्चअखेर मॅडम निवृत्त झाल्या, राहिलं एक.
मी माणूस आहे, पण पदात मोजत नाहीत.
जाताना त्यांनी कपाटाची किल्ली दिली,
आणि तो कागद, वर्तमानपत्रात गुंडाळून.
"याची पावती नाही हं शिवकांता, हरवू नकोस."
दारावर पाटी अजून त्यांचीच.
ती काढायची कुणी, याची फाइल फिरते आहे.

तोंडी परीक्षेला बाहेरचे सर आले होते.
पाणी प्यायले, चष्मा पुसला,
"कालावधी अपुरा वाटतो."
खरंच होतं ते. मी मान डोलावली.
एवढ्या कामाला एक माणूस पुरत नाही, दोन पुरले नाहीत.
मग त्यांनी विचारलं, याचा उपयोग काय?
उत्तर मी पाठ केलं होतं: हवेचं प्रदूषण, दगडाचं वय.
सांगितलंही. पण सांगताना
मला त्या भिंतीचा गार स्पर्शच आठवत राहिला.

आता नावाआधी डॉक्टर लागलंय.
तासिका तेवढ्याच.
यंदाही गेले. काम संपलंय हे दगडफुलाला कुठं माहीत.
पहारेकरी इनूसमामा लांबून ओरडले,
"काय घावलं का यंदा?"
त्यांना अजून वाटतं, मी सोनं हुडकते.
"वाढलंय," म्हटलं.
"कितीक?"
मॅडमपासून आजपर्यंतचं सगळं मिळून
अंगठ्याचं नख दाखवलं.
ते जवळ आले, वाकून बघितलं,
ढासळल्या बुरुजाकडं एकदा बघितलं.
"मंग ब्येस हाय की.
आमची भित्ताडं तर दरसाल कमीच व्हायलीत."

पेन्सिलीचं टोक मोडलं होतं.
त्यांनी खिशातून पातं काढून दिलं.