दुसरा भाग

निपाणीत दुसरा भाग लागला तेव्हा
भरमाण्णा जमादार रिटायर होऊन अकरा दिवस झालेले.
तिकीट काढून बसायची सवय नाही,
म्हणून दाराजवळची खुर्ची.

पडद्यावर म्हातारा पोलीस पुलावरून उडी घेतोय,
कुठली तरी पोरं कीबोर्ड बडवून
अख्खं शहर विझवतायत.

शहर विझलं.
मग थेटरही.

शिट्ट्या. आम्हाला वाटलं, पिच्चरच आहे.
बाल्कनीत बाळ रडलं, जिन्याकडे पाय धावले,
तेवढ्यात तीन सेलची जुनी बॅटरी

आणि दोन्ही भाषांत एकच घोगरा आवाज:
"निधान... सावकाश, निधान..."

बाहेर तंबाखूचा वास, चांदणं.
शेवट काय झाला, त्यानं विचारलं नाही.
"गुडघा गेलाय त्याचा," एवढंच म्हणाला,
"डावा पाय चोरतोय. बघितलास न्हवं?"