पार्ट येईपर्यंत

सपाटीला नीट आहे, घाटात तेवढी बोलते,
असं सांगून शाल्मली ढाण्यांनी फियाटची चावी
माझ्या हातात न देता बॉनेटवर ठेवली.
बोलते म्हणजे कशी?
पत्र्याच्या डब्यात फुटाणे हलवल्यासारखी.

फुटाणे म्हणजे नॉक. नॉक म्हणजे ठिणगीची घाई:
पिस्टन अजून जिना चढतोय
आणि वरून कुणीतरी दार ढकललंय.

आधी ज्यांनी बघितली त्यांनी पेट्रोलला नावं ठेवली,
मग कार्बोरेटरला.
एकानं टाइमिंग इतकं मागं घेतलं
की फुटाणे गेले आणि दमही गेला,
समर्थ मंदिराच्या चढालाच काटा लालमध्ये.

मी गोडोलीत, शेडमध्ये, रीतीनं सुरुवात केली.
पॉइंट घासले. गॅप पोस्टकार्डानं मोजली.
हे एकच कार्ड उरलंय, दस्तगीर उस्तादांच्या वेळचं,
कुणा गिऱ्हाइकाचं, तेलानं पिवळं,
ती. अण्णांस सा. न. वि. वि.
पुढचं सगळं पॉइंटांनी खाल्लं.
एक नंबर वर आणला, बल्ब जोडला,
पुली बोटाबोटानं फिरवली.
खूण खुणेसमोर आली आणि बल्ब तिथंच पेटला.
सगळं बरोबर, आणि गाडी चूक.

यवतेश्वरच्या घाटात नेली.
तिसऱ्या वळणाला, तिसऱ्या गिअरमध्ये, पाय दाबला.
फुटाणे.
शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या,
आई इथं दुसरा टाकायची.
म्हणायची, हिला चढ आवडत नाही, हिच्या कलानं घ्यावं.
तीस वर्षं घेतलं तिनं कलानं,
परळी खोऱ्यातल्या बाळंतपणांना जाताना.

खरं तर तेव्हाच माझ्या डोक्यात पेटायला हवं होतं.

परत येऊन टाइमिंग लाइट धरला.
आयडलला खूण जागेवर.
जराशी रेस दिली तर सरकायच्या ऐवजी
उडी मारून पळाली,
शाळा सुटल्यासारखी.
म्हणजे दोष ठिणगीत नाही,
तिला आवरणाऱ्यात आहे.

कॅप काढली, रोटर काढला, प्लेट उचलली.
खाली दोन वजनं, वेग वाढला की पंख पसरणारी,
आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या दोन स्प्रिंगा.
एक कंपनीची, जाड.
दुसरी बारीक, कसलीच नसलेली,
टोकाचा आकडा पक्कडीनं वाकवलेला,
डावखुऱ्या हातानं.

डावखुरा मी आहे.

शहाऐंशी साल, राधिका रोड, रात्रीचे साडेनऊ.
उस्ताद जेवायला गेलेले,
डॉक्टरीणबाई हातात बॅग घेऊन उभ्या, बसा म्हटलं तरी बसेनात.
मी एकोणीस वर्षांचा. स्प्रिंग तुटलेली.
भावाचा रेडिओ फळीवर उघडा पडला होता,
त्याच्या काट्याची दोरी ताणणारी काढली, बसवली.
पार्ट येईपर्यंत चालेल, म्हणालो.
रेडिओवर सांगली केंद्र त्यानंतर
कधी स्वच्छ लागलं नाही,
एवढं मात्र भावानं लक्षात ठेवलं.

काय निघालं? बाईंनी विचारलं.
स्प्रिंग.
कुणी लावली होती असली?
पान्यावरून फडकं फिरवलं, परत फिरवलं.
मीच. पण फक्त पार्ट येईपर्यंत.
मग आला का?
आला होता की. चौथ्या दिवशी, पुण्याहून.

डबी शोधली, सापडली नाही.
मोडीत निघालेल्या एका डिस्ट्रिब्युटरमधली जोडी घातली,
दोन्ही सारख्या,
आणि संध्याकाळी स्टिअरिंग त्यांच्याकडं दिलं.
बोगद्यातून वर, पहिलं वळण, दुसरं.
इंजिन एका सुरात, भरल्या पोटासारखं.
तिसऱ्या वळणाला फुटाणे नाहीत, काही नाही.
तरी बाईंनी दुसरा टाकला.