वर

आईचा चष्मा नाकावर चढवून मी अधिकारी झाले.
समोर बाबा, मध्ये बटाट्यांचं पातेलं.

"नाव?"
"तुला माहीत नाही होय?"
"नीट सांगा."
"आलोयझी कुबित्सा. वय एकोणपन्नास.
कोळशाच्या खाणीत सव्वीस वर्षं."
"का सोडलीत?"
ते सालं काढत राहिले, लांबच लांब, न तुटणारी.
"मी कुठे सोडली. तिला टाळं लागलं,
तेव्हा मी बाहेर होतो, इतकंच."

हे चालणार नाही, मी म्हटलं.
मग एक गुळगुळीत उत्तर तयार केलं दोघांनी.
ते त्यांच्या तोंडात बसेना,
दुसऱ्याच्या कवळीसारखं.

"तुमचा एखादा दोष सांगा."
"उजेडात झोप लागत नाही."
"पाच वर्षांनी कुठे असाल?"
"वर."
आई इतकी हसली की हातातला डाव निसटला.
अहो, तिथं असं म्हणू नका,
त्यांना भलतंच वाटेल.

आणि हात.
कातडीखाली कोळशाचे निळे ठिपके,
गोंदल्यासारखे, कुठल्याच साबणाला न जुमानणारे.
प्रश्न आला की हात टेबलाखाली.
मी धरून वर ठेवायचे, ते पुन्हा खाली.
किती वेळा ते मोजणं मी सोडून दिलं.

बुधवारी मामाच्या लग्नातला कोट घालून
ते बीतोमच्या ट्राम डेपोत गेले.
मी बाहेर बाकावर, त्यांची टोपी मांडीवर घेऊन.
बर्फ पडेल पडेल म्हणत पडत नव्हता.

परतताना ट्राममध्ये मी विचारत राहिले.
"आत गेलो आणि तोंडातून खाणीतला नमस्कार निघाला.
पाळीवर उतरताना म्हणतो तो. देव पाठीशी असो."
"अरे देवा."
"तिघं होते. दोघं एकमेकांकडे बघायला लागले.
तिसरा लिहीत होता. मान वर न करता म्हणाला,
तुमच्याही पाठीशी असो."
"मग?"
"मग काय, बोललो.
तुझं ते गुळगुळीत नाही आठवलं."
"हात कुठे होते?"
दोन थांबे गेले.
"आठवत नाही," ते म्हणाले.

शुक्रवारी फोन आला.
"हो. हो. रात्रपाळी? चालेल की."
रिसीव्हर ठेवला, कुणाकडे पाहिलं नाही,
आणि बटाटे आणायला तळघरात उतरले,
दिवा न लावता.

आईनं जिन्यातून हाक मारली, काय म्हणाले?
"आलो, आलो वर,"
खालून आवाज आला.
पण बराच वेळ आले नाहीत.